मोजणीचा आठवडा

मी आयुष्यभर माणसं मोजली. रेल्वेच्या सांख्यिकी विभागातली नोकरी, दुसरं काय करणार? कुठल्या गाडीत किती चढले, किती उतरले, किती उभे, किती बसलेले, याचे तक्ते भरायचे आणि वर पाठवायचे. नवरा चारचौघांत सांगतो, हिला लग्नाला नेलं तरी हिचं लक्ष नवरीकडे नसतं, पंगतीत किती पानं बसली त्याच्याकडे असतं. हसतात सगळे. मीही हसते. खोटं कशाला बोलू, मोजतेच मी. पण एका आठवड्यात मी जे मोजलं ते चुकीचं होतं. चुकीचं आहे हे मला तिथेच कळलं होतं, आणि तरी मी त्याखाली सही केली. त्याबद्दल घरात मी कुणाशी धड बोललेले नाही. इथे लिहिते आहे ते मन हलकं होईल म्हणून नाही. ते व्हायचं नाही.

दिल्लीहून पानिपतकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गावर एक जंक्शन आहे. तिथून एक एकेरी फाटा सपाट रानात शिरायचा, पाच ठिकाणी थांबायचा आणि सहाव्या गावात संपायचा. संपायचा म्हणजे अक्षरशः संपायचा. रूळ एका मातीच्या ढिगाऱ्यात जाऊन रुतलेले आणि ढिगाऱ्यापलीकडे मोहरीचं शेत. मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील पुण्याहून बदलीवर आले ते इथलेच झाले. माझ्या लेखी दिल्लीबाहेर एकतर पुणं होतं, नाहीतर रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेतही गावं असतात आणि त्या गावांना इतिहास असतो, हे मला पन्नाशीला टेकल्यावर, तेही सरकारी खर्चाने कळलं.

मोजणीला जायच्या आधी मी जुन्या फाइली मागवल्या होत्या. धुळीने शिंका येऊन बेजार झाले, पण वाचल्या. फाटा इंग्रजांच्या काळातला. जमीन इतकी सपाट की ना डोंगर फोडायला लागला, ना मोठा पूल बांधायला लागला. स्टेशनं कुठे ठेवायची हे बैलगाडीने ठरवलं होतं: भरलेली गाडी सकाळी निघून, माल उतरवून, संध्याकाळपर्यंत घरी पोचेल, एवढ्या अंतरावर एकेक स्टेशन. गहू, सरसों, कापूस, सगळं या रुळांवरून बाहेर जायचं. मधल्या स्टेशनाजवळ तर रिकाम्या माळावर एक नवं गावच उठलं. अडत्यांची दुकानं, सरकी काढायचा कारखाना, धर्मशाळा, एक हलवाई, एक वैद्य. सगळ्या दुकानांची तोंडं स्टेशनाकडे. जुनं गाव मागे राहिलं आणि त्याला लोक नुसतं ‘गाव’ म्हणू लागले. रुळांकडचं ते ‘मंडी’.

मग पक्की सडक आली आणि ट्रक आले. मालाचे डबे आधी कमी झाले, मग बंद झाले. मालधक्क्यावर बकऱ्या बसायला लागल्या. सडक दुकानांच्या पाठीमागून गेली होती, त्यामुळे अडत्यांनी मागच्या भिंती फोडून तिकडे दारं काढली, आणि स्टेशनाकडची दारं विटांनी बुजवली. ती बुजवलेली दारं मी पाहिली आहेत. एका रांगेत वीस-बावीस असतील. फाइलीत यातलं काही नव्हतं. फाइलीत फक्त ‘मालवाहतूक शून्य’ असं होतं. आम्ही दिल्लीत बसून उंटावरून शेळ्या हाकतो म्हणतात ते खोटं नाही. आम्हाला शेळ्या दिसतसुद्धा नाहीत, शेळ्यांची संख्या दिसते.

मालाच्या पाठोपाठ स्टेशनमास्तर गेले. एकेक स्टेशन हॉल्ट झालं. हॉल्ट म्हणजे जिथे गाडी थांबते पण रेल्वेचा स्वतःचा माणूस नसतो. गावातलाच कुणीतरी जंक्शनवरून तिकिटांचा गठ्ठा आणतो, खिडकीत बसून विकतो आणि थोडं कमिशन घेतो. शेवटी उरली ती एक चार डब्यांची शटल. पहाटे जंक्शनहून निघून टोकाच्या गावी जायची, सकाळी तिथून माणसं गोळा करत परत यायची, आणि संध्याकाळी पुन्हा तसंच. रान इतकं मोकळं की गाडीचा ठिपका दिसल्यावर माणूस घरातून निघाला तरी त्याला ती मिळायची.

या फाट्याचं पुढे काय करायचं, हे ठरवण्यासाठी एका आठवड्याची प्रवासी-मोजणी करायचं वर ठरलं. मोजणी म्हणजे काय, तर दर हॉल्टवर आमचा एक माणूस उभा राहणार आणि चढणारी-उतरणारी डोकी लिहून घेणार. तिकिटांच्या विक्रीवर भागत नाही, कारण पासवाले त्यात दिसत नाहीत, आणि फुकटे तर कुठेच दिसत नाहीत. डोकी मोजली की सगळे येतात. निदान यायला हवेत. नियमाप्रमाणे मी पंधरा दिवस आधी सगळ्या हॉल्टच्या एजंटांना पत्र पाठवलं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दिल्ली कार्यालयाचे कर्मचारी उपस्थित राहतील, सहकार्य करावे. खाली माझी सही आणि शिक्का. असली पत्रं मी झोपेतही लिहू शकते.

माझ्या वाट्याला टोकाच्या अलीकडचा हॉल्ट आला. होळी होऊन चार दिवस झाले होते. पहाटेच्या शटलने मी उतरले आणि बघतच राहिले. फलाट झाडून वर पाणी शिंपडलेलं. कडेचे दगड चुन्याने पांढरे केलेले. तिकीटखिडकीला नवा निळा रंग, अजून बोटाला लागत होता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध इस्त्रीचा कुर्ता घातलेले, सत्तरी ओलांडलेले एजंट हात जोडून उभे. गाव त्यांना मास्टरजी म्हणायचं. त्यांनी माझं आडनाव पत्रावर वाचलं होतं.

“आओ बेटी,” ते म्हणाले, “हम भी मराठे ही हैं। पानीपत से जो बचे, वो इधर ही बस गए थे।”

त्या भागात असं मानणारी पुष्कळ माणसं आहेत. लढाईतून जे वाचले ते परत गेले नाहीत, इथेच शेती करून राहिले, त्यांची आपण मुलं-नातवंडं, असं ती सांगतात. नवरा म्हणतो, इतिहासाला पुरावा लागतो. लागत असेल. पण दक्षिण दिल्लीत जन्म काढूनही मला कुणी इतक्या आपलेपणाने ‘आपली’ म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी पुराव्याच्या भानगडीत पडले नाही. मी त्यांना ताऊजी म्हणायला लागले. तिकडे वडिलांच्या थोरल्या भावाला ताऊ म्हणतात.

सकाळची गाडी आली. चार डबे, जवळजवळ रिकामे. ताऊजींच्या हॉल्टवर चढली ती बोटांवर मोजण्याइतकी माणसं, सगळी नव्या कपड्यांत, हातात तिकीट असं धरलेलं की दुरूनही दिसावं. ढकलाढकल नाही, दारात लटकणं नाही, बिडी नाही. मला बरं वाटलं, कारण काम सोपं होतं. मी तक्ता भरला. ताऊजी जरा दूर उभे राहून माझ्या पेनाकडे बघत होते, पोराचा पेपर तपासणाऱ्या बाईंकडे बाप बघतो तसे.

दुपारी ते मला जेवायला घरी घेऊन गेले. बाजरीची भाकरी, सरसोंचं साग, लोण्याचा हा एवढा गोळा. वाढायला त्यांची नात होती, एकोणीसएक वर्षांची. तिचे आईवडील फरीदाबादला, वडील तिथल्या कारखान्यात. ती आजोबांकडे राहून जंक्शनच्या गावातल्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. पहिलं वर्ष. गणित आणि संख्याशास्त्र. मी काय काम करते हे कळल्यावर ती जेवण वाढायचं विसरून माझ्यासमोर बसली.

“मैम, पूरे हफ्ते गिनते हो या सैंपल लेते हो?”

मला हसू आलं. माझी स्वतःची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. मी काय करते असं कुणी विचारलं तर ‘आई रेलवे में है’ एवढं सांगून मोकळी व्हायची. मी त्या पोरीला सगळं सांगितलं. सरासरी कशी काढतो, सण आणि लग्नसराई का टाळतो, आठवडा ‘सर्वसाधारण’ असायला हवा म्हणजे काय. आणि म्हटलं, डिग्री पूर्ण कर, परीक्षा देऊन आमच्याकडे लाग, अशा मुली आम्हाला हव्यातच. ती लाजली नाही. तिने सरळ विचारलं, कोणती परीक्षा, किती वयापर्यंत, आणि वहीत लिहून घेतलं.

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. मंगळवार होता. सुट्टी नव्हती. मी विचारलंसुद्धा, “आज कॉलेज नहीं?” तिने आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “आज छुट्टी है।” आणि मी पुढची भाकरी घेतली.

तिसऱ्या दिवशी शटलच्या गार्डने मला हाक मारली. गाडी उभी होती, तो डब्यातून वाकून म्हणाला, “मैडम, ये हफ्ता क्या है? इस हॉल्ट पे तो पैर रखने की जगह नहीं होती। लड़कियों का तो पूरा झुंड चढ़ता है। कहाँ गए सब?”

मी ताऊजींना विचारलं. ते इतके खूश झाले की मला अजून तो चेहरा आठवतो. त्यांना वाटलं, त्यांची मेहनत माझ्या लक्षात आली.

ते तरुणपणी त्याच स्टेशनवर हमाल होते. वर्षातून एकदा मोठ्या साहेबाचा मुआयना व्हायचा, म्हणजे तपासणी. आठ दिवस आधीपासून दगडांना चुना, बकऱ्या बाहेर, भिकारी बाहेर, आणि ज्याच्याकडे तिकीट नाही तो त्या दिवशी स्टेशनाच्या आसपासही दिसता कामा नये. साहेबाला रिकामा, झाडलेला, शिस्तीतला फलाट दाखवायचा. तसा दिसला की शेरा चांगला आणि सगळ्यांची नोकरी शाबूत. हे त्यांनी तीस वर्षं केलं होतं. माझं पत्र आल्यावर त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं की दिल्लीहून मुआयना येतोय, आपल्याच रक्ताची बाई आहे, तिच्यासमोर गावाची शोभा व्हायला नको. आठवडाभर कुणी गाडीत गर्दी करायची नाही. ज्यांना जायलाच हवं त्यांनी तिकीट काढून, चांगले कपडे घालून जावं. आणि मुलींना तर पाठवायचंच नाही. परके लोक कागद घेऊन फलाटावर उभे राहणार, पोरींकडे बघून काहीतरी लिहिणार, ते कशाला?

“चेकिंग के दिन कोई भीड़ दिखाता है, बेटी?” ते म्हणाले.

मराठीत याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण त्या वेळी मला म्हण सुचली नाही. त्या मुलींचं प्रकरण मला गार्डकडून आणि मग गावातल्या बायांकडून नीट कळलं. त्या गावातून कॉलेजला जाणारी प्रत्येक मुलगी या गाडीनेच जायची, कारण बस नव्हती, आणि सडकेवरच्या जीपमध्ये पुरुषांच्या मांडीला मांडी लावून कुठलाही बाप पोरीला बसवणार नव्हता. गाडी मात्र बापांना चालायची, कारण गाडीला ताऊजी होते. सकाळी ते त्यांना मधल्या एका डब्यात चढवायचे, संध्याकाळी फलाटावर उभे राहून, चढल्या तेवढ्या उतरल्या की नाही हे बघायचे, आणि मग खिडकी बंद करायचे. मुलींना पास फुकट असतो, त्यामुळे त्यांचं जाणं-येणं कमाईच्या कुठल्याच कागदात नव्हतं. ते दिसणार होतं फक्त माझ्या मोजणीत. आणि नेमक्या त्या मोजणीच्या वेळी त्यांना घरी बसवलं होतं ते त्यांच्या राखणदारानेच, माझ्या मानासाठी.

मी त्यांना सांगू शकत होते. ताऊजी, हा मुआयना नाही, मला गर्दीच हवी आहे, उद्यापासून सगळ्यांना पाठवा. चार दिवस शिल्लक होते. मी सांगितलं नाही. एक तर असं सांगणं नियमात बसत नाही, मोजणाऱ्याने मोजणीत ढवळाढवळ करायची नसते. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वेळा देऊन पाहिलं आहे. खरं कारण असं की त्या माणसाचा चेहरा मला उतरवायचा नव्हता. भल्या माणसाला ‘तुम्ही घोटाळा केलात’ हे सांगणं मला अवघड वाटलं, आणि मनात म्हटलं, दिल्लीला जाऊन शेऱ्यात लिहू की झालं.

लिहिलं. तक्त्याच्या खाली, शेऱ्याच्या रकान्यात: मोजणीचा आठवडा सर्वसाधारण नव्हता, या हॉल्टवरची प्रत्यक्ष संख्या संभवतः बरीच जास्त आहे. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला.

“मैडम, ये ‘संभवतः’ क्या होता है? आँकड़े भेजिए, अंदाज़ा नहीं। दोबारा गिनवाना है तो लिखकर दीजिए, मई में फिर चले जाइए एक हफ्ता।”

वाईट माणूस नव्हता तो. त्याने मला वाट दाखवली होती. ‘पुन्हा मोजणी आवश्यक’ एवढे तीन शब्द लिहायचे होते. मी घरी येऊन विषय काढला तर मुलगी म्हणाली, “आई, मे मध्ये? सीरियसली? माझी एन्ट्रन्स आहे यार, आणि तू परत गावात जाऊन बसणार?” नवरा म्हणाला, एवढं काय अडलंय, कुठे बंद पडतायत गाड्या, सरकारी काम आहे, सहा महिने फाइल हलायची नाही. मला दोघांचं पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं. मे महिन्यात तिकडे लू चालते, भाजून काढणारा गरम वारा. दुसऱ्या दिवशी मी शेरा खोडला, तक्ता नव्याने टाइप केला आणि सही केली. कुणी धमकावलं नाही, कुणी पैसे दिले नाहीत. आळस आणि वाद नको म्हणून. माझ्या मुलीला मी घरी राहिल्यामुळे चांगलं कॉलेज मिळालं. मेट्रोने जायची.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला आणि देशातल्या सगळ्याच गाड्या थांबल्या. मग हळूहळू एकेक सुरू होत गेली. कोणत्या सुरू करायच्या आणि कोणत्या नाहीत, याच्या याद्या फिरत होत्या. त्या फाट्याची फाइल माझ्या टेबलावरून गेली. ‘सर्वेक्षणानुसार प्रवासी संख्या नगण्य, पुढील आदेशापर्यंत बंद.’ सोबत जोडलेल्या कागदांत पहिला कागद माझा होता. मी तो उलटून पाहिला, माझी सही नीट सुवाच्य होती. तेव्हाही मी काही लिहू शकले असते. घरात दोघं तापाने पडलेले होते, मीही बरी नव्हते. हे सांगून काही सुटका होते असं नाही.

रेल्वेचा फाटा बंद होतो तेव्हा आवाज होत नाही. रूळ उखडायला कुणी येत नाही, मोर्चा निघत नाही, वर्तमानपत्रात ओळ येत नाही. पुढील आदेश येत नाही, एवढंच.

गेल्या संक्रांतीला आम्ही पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला गेलो होतो. आमच्या मंडळाची बस जाते दरवर्षी, या वेळी आम्ही आपल्या गाडीने गेलो. फुलं वाहिली, भाषणं ऐकली, तिळगूळ वाटला. परत फिरताना मी नवऱ्याला म्हटलं, जरा आत वळव. कशाला ते सांगितलं नाही. वाटेत मंडी लागली. सडकेकडची दुकानंही आता निम्मी बंद होती, कारण मोठा हायवे आणखी पलीकडून गेला आहे. हलवाई नव्हता. फाटकाशी रूळ डांबराखाली गेलेले, गाडीला नुसता एक धक्का बसला. स्टेशनाच्या इमारतीत कुणीतरी कडबा भरून ठेवला होता. नवरा म्हणाला, काय उजाड आहे हे सगळं. मी म्हटलं, अजून जरा पुढे घे.

ताऊजींचा हॉल्ट मात्र झाडलेला होता. रुळांमधून कमरेएवढं गवत, पण फलाट स्वच्छ.

ते अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, आवाजावरून ओळखलं मला. “दिल्लीवाली बेटी!” नात बाहेर आली, तिच्या कडेवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. माहेरी आली होती. कॉलेज सुरू झालं तेव्हा तिचं एकच वर्ष उरलं होतं, हे तिने चहा देताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. वर्षभर वाट पाहिली, गाडी आज सुरू होईल, उद्या होईल. मग लग्न.

मी तिळगूळ दिला. ताऊजींनी वडी तोंडात टाकली, चघळली आणि माझा हात धरून विचारलं, “बेटी, एक बात बता। तेरे मुआयने में अपना हॉल्ट पास हुआ था ना?”

मी गाडीतून येताना ठरवून आले होते की सगळं सांगायचं. माफी मागायची, त्यांना काय बोलायचं ते बोलू द्यायचं. तोंड उघडलं तर नात बाळाच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली. अगदी थोडी. नाही.

“फर्स्ट क्लास, ताऊजी,” मी म्हटलं.

“देखा?” ते तिला म्हणाले. “मैं न कहता था? रेल बीमारी की वजह से बंद हुई, हमारी किसी कमी से नहीं। पास हुआ हॉल्ट है। आएगी।” आणि मला समजावून सांगितलं की म्हणूनच ते रोज झाडतात. गाडी अचानक सुरू झाली आणि फलाट घाण दिसला तर केलेलं सगळं वाया जायचं.

नात मला गाडीपर्यंत सोडायला आली. नवऱ्याने इंजिन सुरू केलं होतं. मी म्हटलं, मला तुझी माफी मागायची आहे. ती म्हणाली, “दादाजी को कभी मत बताना। वो मर जाएँगे।” मी म्हटलं, नाही सांगणार.

“आपको पता था, आंटी? कि वो हफ्ता नॉर्मल नहीं था?”

‘सर्वसाधारण आठवडा’ म्हणजे काय, हे मीच तिला शिकवलं होतं, भाकरी खाता खाता.

“हो,” मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून. तिला कळलं.

“हमारे हॉल्ट पर कितना लिखा था?”

“सकाळच्या गाडीला सरासरी चार.”

बाळ चुळबुळ करायला लागलं होतं. तिने त्याला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली, “हम लड़कियाँ ही ग्यारह थीं।”